कारखाना बंद झाला तरी दायित्व संपत नाही!
तेलशुद्धीकरण प्रकल्पांच्या शेजारी राहणाऱ्यांना कायद्याचा आधार किती आणि तो मिळवायचा कसा?

विशेष प्रतिनिधी

माहुल आणि अंबापाडा या मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील जुन्या वस्त्या. १९५४ आणि १९५५ या लागोपाठच्या वर्षांत त्यांच्या शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. राष्ट्रीयीकरणानंतर ते हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखले जाऊ लागले. त्यांच्या जोडीला खतांचा कारखाना आला, वीजनिर्मिती केंद्र आले आणि रसायने साठविणाऱ्या टाक्यांच्या रांगाही आल्या. केईएम रुग्णालयाने या भागात केलेल्या आरोग्य पाहणीत ६७.१ टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले, तर ८४.५ टक्के रहिवाशांनी छातीत गुदमरल्यासारखे होत असल्याची तक्रार केली.

ही तक्रार घेऊन सामान्य रहिवाशाने जायचे कोठे? हवा किंवा विहिरीचे पाणी दूषित झाले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची? वकिलाचा खर्च कोण देणार? आणि उद्या कारखाना बंद झाला, कंपनी विकली गेली, जागेवर नव्या इमारती उभ्या राहिल्या, तर जमिनीत मुरलेल्या विषाचा जाब कोणाला विचारायचा? हे प्रश्न केवळ माहुलपुरते राहिलेले नाहीत. जुन्या औद्योगिक जमिनी निवासी होत असलेल्या प्रत्येक शहराला ते आज ना उद्या भेडसावणारच आहेत. कायद्यात यांची उत्तरे आहेत. मात्र ती एका ठिकाणी सापडत नाहीत आणि योग्य वेळी योग्य दार ठोठावले नाही, तर हाती लागत नाहीत.

जमिनीखाली काय घडते?

तेलशुद्धीकरण कारखान्याचे प्रदूषण म्हटले की डोळ्यांसमोर उंच धुराडे येते. प्रत्यक्षात दीर्घकाळ टिकणारे प्रदूषण जमिनीखाली असते. टाक्यांचे तळ गंजतात, वाहिन्यांचे सांधे गळतात, टाकी साफ करताना निघालेला गाळ आवारातच पुरला जातो. थेंब थेंब गळालेले तेल मातीतून झिरपत भूजलापर्यंत पोहोचते. ते पाण्याहून हलके असल्याने भूजलावर थर धरून तरंगते. पावसाळ्यात भूजलाची पातळी वाढली की हा थर वर येतो, उन्हाळ्यात खाली जातो आणि या चढउतारात आजूबाजूची माती तेलाने माखत राहते. तेलातील बेन्झीन, टोल्युइन आणि झायलीन यांसारखे घटक काही प्रमाणात पाण्यात विरघळतात आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर कुंपणाबाहेर जातात. त्यांची वाफ मातीच्या फटींतून वर येऊन घरांच्या जोत्यांखालीही साचू शकते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात असे. त्यामुळे जुन्या टाक्यांच्या गाळात शिसेही सापडते.

यांपैकी बेन्झीन माणसांत कर्करोग निर्माण करते, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. भारताच्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांनुसार हवेतील बेन्झीनची वार्षिक सरासरी प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

कायद्याच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब अशी, की हे नुकसान एका दिवसात होत नाही. स्फोटाला तारीख असते, गळतीला नसते. रहिवाशांच्या बहुतेक कायदेशीर अडचणी या एका वस्तुस्थितीतून उद्भवतात.

दाद मागण्याच्या चार जागा

पहिली जागा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची. १९७४ चा जल कायदा, १९८१ चा वायू कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा हे या व्यवस्थेचे तीन खांब आहेत. मंडळाच्या संमतीपत्राशिवाय असा कारखाना चालविता येत नाही आणि संमतीपत्रात घातलेल्या अटी मोडल्यास मंडळाला तो बंद करण्याचाही अधिकार आहे. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानुसार, झालेले नुकसान भरून काढण्यासाठी मंडळे प्रदूषण करणाऱ्याकडून रक्कमही वसूल करू शकतात. रहिवाशाची पहिली लेखी तक्रार येथेच झाली पाहिजे. तिची पोच हा पुढच्या प्रत्येक पायरीवरचा पहिला कागद असतो.

दुसरी जागा राष्ट्रीय हरित लवादाची. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या या लवादाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात असून महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात ही राज्ये त्याच्या कक्षेत येतात. पर्यावरणविषयक वादांत नुकसानभरपाई, मालमत्तेची भरपाई आणि पर्यावरणाची पुनर्स्थापना या तिन्ही गोष्टींचे आदेश लवाद देऊ शकतो. लवादाकडे जे मागता येते, त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा चालत नाही. अर्ज कोणी करायचा याबाबत कायदा उदार आहे. इजा झालेली व्यक्ती, मालमत्तेचा मालक, मृताचे वारस, एवढेच नव्हे तर रहिवाशांची प्रातिनिधिक संस्थाही अर्ज करू शकते. लवाद स्वतःहूनही दखल घेऊ शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२१ रोजी दिला. तो ज्या वादातून आला, तो मुंबईच्या घनकचऱ्याचाच होता.

तिसरी जागा उच्च न्यायालयाची. स्वच्छ हवा आणि पाणी हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले आहे. शासनाच्या किंवा महापालिकेच्या निर्णयामुळे हा हक्क धोक्यात येत असेल, तर २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

चौथी जागा जिल्हाधिकाऱ्यांची. आग, स्फोट किंवा वायुगळतीसारखा घातक पदार्थांचा अपघात झाल्यास १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली तातडीच्या मदतीसाठी त्यांच्याकडे अर्ज करता येतो. कंपनीची चूक सिद्ध करण्याची गरज येथे नसते. अपघातापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. ही प्राथमिक मदत घेतल्याने मोठ्या भरपाईचा मार्ग बंद होत नाही. मात्र अशी मदत घेतली असल्यास किंवा अन्यत्र अर्ज केला असल्यास ते हरित लवादाला कळविणे बंधनकारक आहे.

माहुलचा धडा

या व्यवस्थेची प्रत्यक्षातील ताकद आणि मर्यादा या दोन्ही बाबी माहुलच्या प्रकरणात दिसतात. अंबापाडा आणि माहुल येथील काही रहिवाशांनी २०१४ मध्ये हरित लवादाच्या पुणे पीठापुढे अर्ज केला. त्यांची मूळ तक्रार रसायने साठविणाऱ्या टाक्यांतून निघणाऱ्या वाफांविषयी होती. १८ डिसेंबर २०१५ रोजी लवादाने, या भागातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला उपाययोजनांचे आदेश दिले. त्यानंतर १३ ऑगस्ट २०२० रोजी लवादाने भरपाईची रक्कम ठरविली. एजिस लॉजिस्टिक्सवर १४२ कोटी, हिंदुस्थान पेट्रोलियमवर ७६.५ कोटी, भारत पेट्रोलियमवर ६७.५ कोटी आणि सी लॉर्ड कंटेनर्सवर २० लाख अशी एकूण सुमारे २८६ कोटी रुपयांची जबाबदारी निश्चित करण्यात आली.

यातून तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत.

पहिली : शेजारी अनेक कारखाने असले, की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. 'हा दर्प आमचा नव्हेच' हा अशा प्रकरणांतील ठरलेला बचाव. हरित लवाद कायद्याचे १७ वे कलम मात्र सांगते, की नुकसान अनेक उद्योगांच्या एकत्रित परिणामाने झाले असेल, तर लवादाने न्याय्य तत्त्वावर जबाबदारीची वाटणी करावी. कोणता कण कोणाच्या टाकीतून आला हे रहिवाशांनी सांगत बसण्याची गरज नाही.

दुसरी : २०१४ ते २०२० असा सहा वर्षांचा काळ केवळ लवादापुढे गेला. लवादाच्या आदेशावर नव्वद दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. रक्कम मोठी असेल तर असे अपील होणार, हे रहिवाशांनी गृहीत धरूनच तयारी करावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : ही रक्कम परिसराच्या पुनर्स्थापनेसाठी होती, घरोघरी वाटण्यासाठी नव्हती. 'कोट्यवधींचा दंड' अशी बातमी आली की आपल्या औषधपाण्याचा खर्च निघेल, अशी अपेक्षा रहिवाशांत निर्माण होते. वैयक्तिक भरपाई हवी असेल तर ती अर्जात स्वतंत्रपणे मागावी लागते. मृत्यू, अपंगत्व, उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, मालमत्तेचे नुकसान, बुडालेला व्यवसाय अशी भरपाईची शीर्षके कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात दिली आहेत. प्रत्येक शीर्षकाखाली किती रक्कम आणि कशाच्या आधारे, हे प्रत्येक अर्जदाराला दाखवावे लागते.

याच माहुलमध्ये दुसरा लढाही झाला आणि तो वेगळ्या दाराने गेला. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटविल्यानंतर तेथील कुटुंबांना माहुलमधील वसाहतीत पाठविण्यात येत होते. 'एका संकटातून काढून दुसऱ्यात लोटू नका' असे म्हणत ही कुटुंबे मुंबई उच्च न्यायालयात गेली. त्यांची लढाई कारखान्यांशी नव्हती, पुनर्वसनाची जागा ठरविणाऱ्या शासनाशी आणि महापालिकेशी होती. म्हणून हरित लवादाऐवजी रिट याचिका हा मार्ग योग्य ठरला. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने पर्यायी घर द्या, नाही तर दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्या, असा आदेश दिला. सप्टेंबर २०१९ मधील निकालात, कोणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. वस्ती एक, हवा एक, तरी मागणी वेगळी म्हणून दार वेगळे. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे आधी ठरविणे म्हणूनच आवश्यक असते.

चूक नव्हे, संबंध सिद्ध करा

दिल्लीतील श्रीराम कारखान्यात डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वर्षभराने निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व सांगितले. जो उद्योग धोकादायक धंदा करून नफा मिळवितो, त्याच्यामुळे इतरांना अपाय झाला तर 'आम्ही पुरेपूर काळजी घेतली होती' हा बचाव त्याला मिळणार नाही, असे हे तत्त्व आहे. १९९६ मध्ये 'प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी' हे तत्त्वही देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे न्यायालयाने जाहीर केले. त्या किमतीत पीडितांची भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्च या दोहोंचा समावेश होतो. हरित लवादाने निर्णय देताना हे तत्त्व लावलेच पाहिजे, असे २०१० च्या कायद्यात नमूद आहे.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की कंपनीने हलगर्जीपणा केला हे रहिवाशाने सिद्ध करावे लागत नाही. परंतु आपले आजारपण किंवा आपल्या विहिरीतील तवंग यांचा त्या कारखान्याशी संबंध आहे, हे दाखवावेच लागते. बहुतेक दावे येथे अडखळतात. धाप लागण्याची कारणे अनेक असतात. धूम्रपान, वाहनांचा धूर, घरातील ओल अशी यादी समोरचा वकील वाचून दाखवितो. म्हणून वकील गाठण्यापूर्वीच पुराव्याची तयारी सुरू व्हायला हवी.

पुराव्याची पहिली वही प्रत्येक घरात असावी. दर्प कोणत्या दिवशी, किती वाजता आला, वारा कोणत्या दिशेने होता, त्या दिवशी कोणाला काय त्रास झाला, दवाखान्यात कोण गेले, हे सारे तारीखवार लिहून ठेवावे. एका घराची वही ही तक्रार असते. पन्नास घरांच्या वह्यांत तेच दिवस आणि तीच वेळ आढळली, की तो पुरावा होतो. दवाखान्याचे केसपेपर, औषधांच्या पावत्या, कामावरील गैरहजेरीची नोंद हे जपून ठेवावे. डॉक्टरांना आपण कोठे आणि किती वर्षे राहतो हे सांगून ते केसपेपरवर लिहून घ्यावे.

पाणी आणि माती तपासून घेताना मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच निवडावी. नमुना कोणी, कोठून, केव्हा घेतला याची लेखी नोंद करावी. जमल्यास साक्षीदारांसमक्ष नमुना घेऊन छायाचित्रे काढावीत. येथे एक फरक लक्षात घ्यावा. जल कायद्याखाली खटला भरायचा तर मंडळाने ठरलेल्या पद्धतीने घेतलेलेच नमुने ग्राह्य धरले जातात. हरित लवाद मात्र पुराव्याच्या कायद्यातील नियमांनी बांधलेला नाही. रहिवाशांनी स्वतः करून घेतलेली तपासणी तो विचारात घेऊ शकतो आणि तज्ज्ञांची समिती नेमून खातरजमाही करून घेऊ शकतो.

तिसरे साधन माहितीच्या अधिकाराचे. कारखान्याचे संमतीपत्र, त्यातील अटी, मंडळाने दिलेल्या नोटिसा, पाहणीचे अहवाल यांच्या प्रती २००५ च्या कायद्याखाली १० रुपये शुल्कात अर्ज करून मागता येतात आणि तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. तेलशुद्धीकरण कारखान्यांसह १७ अतिप्रदूषक उद्योगवर्गांना धुराड्यावर आणि सांडपाण्याच्या मुखाशी सतत मोजणी करणारी यंत्रे बसविण्याचे आदेश केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये दिले. हे आकडे मंडळांकडे जमा होतात. आपल्या वहीतील तारखा आणि यंत्राचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर वकिलाचे निम्मे काम झाले असे समजावे.

मुदतीचा सापळा

हरित लवादाकडे जाण्यासाठी दोन वेगवेगळ्या मुदती आहेत. प्रदूषण थांबविण्यासारख्या वादासाठी १४ व्या कलमाखालील अर्ज सहा महिन्यांच्या आत, तर भरपाई आणि पुनर्स्थापनेसाठी १५ व्या कलमाखालील अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो. सबळ कारण असल्यास दोन्हींना साठ दिवसांची सवलत आहे, त्यापुढे नाही. दोन्ही मुदती वादाचे कारण 'प्रथम' निर्माण झाल्यापासून मोजल्या जातात आणि या एका शब्दावर कित्येक तास युक्तिवाद होतात. 'तुम्ही येथे तीस वर्षे राहता, दर्प तेव्हापासूनच आहे, मग आजच का आलात?' असा प्रश्न कंपनीचा वकील विचारणारच.

यावर उपाय दोन. एक तर वाट पाहत बसू नये. दुसरे म्हणजे नवी घटना घडली, नवा तपासणी अहवाल आला किंवा नवे दुष्परिणाम उघड झाले, की लगेच लेखी तक्रार करून तारीख निश्चित करावी. मुदत हुकल्याने चांगल्या दाव्याचे नुकसान होते आणि मग बाजू न्याय्य असूनही रिकाम्या हाताने परतावे लागते.

वकील कोण देणार?

अमेरिकेत अशा प्रकरणांत वकील पक्षकारांकडून आधी पैसे न घेता, मिळणाऱ्या भरपाईतील ठरावीक हिस्सा घेण्याच्या बोलीवर खटला चालवितात. भारतात वकिलांच्या आचारसंहितेनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरविण्यास मनाई आहे. त्यामुळे 'आता काही देऊ नका, भरपाईतले तीस टक्के द्या' असे सांगत वस्तीत सह्या गोळा करणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या वकीलपत्रावर सही कोणत्याही परिस्थितीत करू नये.

पैसे नाहीत म्हणून न्याय नाकारला जाऊ नये, अशी तरतूद घटनेच्या ३९ अ कलमात आहे. ती अमलात आणण्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. त्याच्या १२ व्या कलमानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी राज्याने ठरविलेली उत्पन्नमर्यादा आहे. फारसे कुणाच्या ध्यानात नसलेले एक शीर्षक याच कलमात आहे. औद्योगिक आपत्तीच्या पीडितांनाही ही मदत मिळण्याचा हक्क आहे. कायद्यातील 'न्यायालय' या शब्दाच्या व्याख्येत लवादांचाही समावेश असल्याने हरित लवादापुढील प्रकरणासाठीही ही मदत मागता येते. वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क, कागदपत्रे तयार करण्याचा आणि प्रमाणित प्रतींचा खर्च यांचा तीत समावेश होतो.

त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे साधा अर्ज करावा. उत्पन्नाबाबत सामान्यतः प्रतिज्ञापत्र पुरेसे असते. १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर माहिती मिळते. मात्र प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे, हे प्राधिकरणाला पटावे लागते. येथेही वही, केसपेपर आणि तक्रारींच्या पोचपावत्याच कामी येतात.

लवादाचे शुल्कही समजून घ्यावे. भरपाई मागितली नसेल तर अर्जाला एक हजार रुपये शुल्क आहे. भरपाई मागितली असेल तर मागणीच्या एक टक्का, परंतु किमान एक हजार रुपये भरावे लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क माफ आहे. म्हणजे दहा लाखांच्या मागणीला दहा हजार रुपये लागतील. अवास्तव रक्कम लिहून मोकळे होणे त्यामुळे परवडत नाही. शिवाय दावा खोटा किंवा त्रास देण्याच्या हेतूने केलेला आढळला, तर लवाद खर्च बसवू शकतो. कारखान्यातील कामगारांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. शारीरिक इजेच्या भरपाईसाठी १७ व्या कलमातून कामगारांना वगळले आहे. त्यांच्यासाठी कामगारविषयक कायद्यांचा वेगळा मार्ग आहे.

टाळे लागल्यानंतर

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. कारखाना बंद पडला तर?

राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाची कहाणी या संदर्भात प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे. तेथील रासायनिक कारखान्यांनी १९८८ च्या सुमारास एच-ॲसिड बनविण्यास सुरुवात केली. उत्पादन अल्पकाळच चालले, पण सुमारे २,४०० ते २,५०० टन विषारी गाळ मागे राहिला. पावसाबरोबर तो जमिनीत मुरला आणि आसपासच्या विहिरींचे पाणी गडद रंगाचे झाले. ते माणसांना, गुरांना आणि पिकांनाही चालेना. एका पर्यावरणविषयक संस्थेने १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 'उत्पादन केव्हाच बंद झाले आहे' हा कारखानदारांचा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये सफाईचा संपूर्ण खर्च त्यांच्यावर टाकला. ही रक्कम पुढे ३७.३८५ कोटी रुपये ठरली. ती चुकविण्यासाठी कंपन्यांनी अर्जामागून अर्ज केले. अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयाने ती १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. याचिकेपासून तोवर बावीस वर्षे लोटली होती. तत्त्व जिंकले, पण एक पिढी दूषित विहिरींच्या काठावर मोठी झाली.

भोपाळची स्थिती याहून गंभीर. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडचा कारखाना बंद झाला, पण आवारातील कचरा तसाच राहिला आणि आसपासच्या वस्त्यांचे भूजल दूषित होत गेले. या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावे लागले. साठवून ठेवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवून त्या वर्षीच्या जूनअखेर जाळण्यात आला. दुर्घटनेला तोवर चाळीस वर्षे उलटून गेली होती.

बंद पडलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे आहे. तेथील कारखाना जून २०१९ मधील स्फोटानंतर बंद झाला. एकोणिसाव्या शतकापासून तेलाचा धंदा चाललेली ही सुमारे १,३०० एकर जागा दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून २०२० मध्ये एका विकासकाकडे गेली. मात्र २०१२ पूर्वीच्या प्रदूषणाच्या सफाईची जबाबदारी जुनी मालक सुनोको हिच्याशी संबंधित कंपनीकडेच राहिली. जमीन विकली तरी जुन्या प्रदूषणाचे दायित्व विकून टाकता येत नाही, हे तेथील व्यवस्थेचे सूत्र. शेजाऱ्यांच्या हाती तेथे आणखी एक साधन होते. २०१५ मध्ये केलेल्या नियमाने कुंपणालगत बेन्झीन मोजून ते आकडे जाहीर करणे तेलशुद्धीकरण कारखान्यांना बंधनकारक झाले. वह्या लिहिण्याचे निम्मे कष्ट त्यामुळे वाचले.

भारतात दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम येण्यास २०२५ साल उजाडावे लागले. केंद्र शासनाने जुलै २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित दूषित जागांची यादी करायची, राज्य मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी आणि त्यानंतर सविस्तर सर्वेक्षण करायचे, दूषित करणारा कोण हे शोधून सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा, अशी साखळी आहे. जबाबदार व्यक्ती सापडत नसेल किंवा खर्च करण्याच्या स्थितीत नसेल, तर खर्चाचा भार केंद्र आणि राज्य यांनी उचलायचा आहे. नियम आले तेव्हा देशात १०३ जागा दूषित म्हणून निश्चित झाल्या होत्या आणि त्यांपैकी केवळ सात ठिकाणी सफाई सुरू झाली होती.

या नियमांत तपासणीला मुदत आहे, पण सफाई पूर्ण करण्याला काटेकोर मुदत नाही. शिवाय रहिवाशांच्या वैयक्तिक भरपाईचा मार्ग अजूनही हरित लवादातूनच जातो. तरीही एक दार नव्याने उघडले आहे. जुन्या कारखान्याच्या जागेशेजारी राहणारे नागरिक किंवा तेथे घर घेऊ पाहणारे ग्राहक महापालिकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारू शकतात, की ही जागा संशयित यादीत आहे काय, नसल्यास का नाही? सदनिकेची चौकशी करताना आपण पार्किंग आणि पाण्याची टाकी पाहतो. या जागेवर पूर्वी काय होते, हा प्रश्नही त्या यादीत घालायला हवा.

कायद्याने प्रदूषण करणाऱ्याला पळवाट ठेवलेली नाही. कारखान्याला टाळे लागले, नाव बदलले, मालक बदलला, तरी दायित्व राहते. परंतु कायदा स्वतःहून कोणाच्या दारी येत नाही. बिछडीत तो एका संस्थेने नेला, माहुलमध्ये रहिवाशांनी नेला. ज्यांच्या घरात आज दर्प येत आहे, त्यांनी आजची तारीख लिहून ठेवावी आणि मंडळाच्या कार्यालयात तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. पुढची लढाई कितीही लांबली, तरी तिची सुरुवात त्या एका पोचपावतीपासून होते.